फीत आणि कडी

गाठ दिसत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा पडदा तिच्याकडे वळवला, पेनाच्या टोपणानं एक जागा दाखवली आणि म्हणाल्या, "बघा, इथं होती. औषधानं काम चोख केलंय." तिथं आता नुसती करडी साय पसरली होती. पण त्या सायीत दोन पांढऱ्याशुभ्र बारीक खुणा होत्या, तिळाएवढ्या, एकमेकींजवळ सरकून बसल्यासारख्या. एक आडवी, मधोमध आवळलेली, वेणीच्या फितीची गाठ असते तशी. दुसरी वाटोळी, कडीसारखी. इतके महिने टोचून घेतलेल्या सुया, गेलेले केस, जिभेवर बसलेली लोखंडाची चव, हे सगळं जिच्यासाठी सोसलं ती बातमी समोर आली होती आणि हिचं लक्ष अडकलं ते त्या दोन खुणांवर. सुईनं आत सोडली होती ती एकच खूण. दारात परकी चप्पल दिसल्यावर विचारावं तसं तिनं विचारलं, "ही दुसरी कुणाची?"

"गाठ गेली म्हणतायत त्या," शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "आणि हिला खुणा मोजायच्यात."

"दुसरीही तुमचीच," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून आहे. जुनी आहे. मी विचारलं होतं तुम्हाला, पूर्वी कधी सुईची तपासणी झाली होती का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात."

"त्या दिवशी तुम्ही माझं लग्न झालंय का विचारलं असतंत, तरी मी नाहीच म्हणाले असते."

"म्हणजे मी इथं उगाच बसलोय," नवरा म्हणाला. डॉक्टर हसल्या. त्यांच्या नाकावर एक चष्मा होता, डोक्यावर दुसरा, आणि हात टेबलावर बहुतेक तिसरा शोधत होता. तिनं मनात त्यांचं नाव पहिल्याच दिवशी चष्मेवाली ठेवलं होतं. मग चष्मेवालीनं सगळं नीट उलगडून सांगितलं. औषधानं गाठ विरघळणार हे धरूनच चाललो होतो. पण विरघळली म्हणजे संपली असं नाही, ती जिथं होती तेवढी जागा कापून काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची असते, मागे काही उरलंय का म्हणून. आणि गाठच नाहीशी झाल्यावर जागा सापडणार कशी? म्हणून औषध सुरू करायच्या आधी गाठीच्या पोटात ती फीत सोडून ठेवली होती. कडी जुनी, दुसऱ्या कुणीतरी ठेवलेली. इथं तपासलं, वावगं काही निघालं नाही, हे पुढच्या डॉक्टरला कळावं म्हणून. तेव्हा दोघींच्या मधे गाठीचा अर्धा भाग होता, चांगलं अंतर होतं. आता गाठ गेली, आजूबाजूचं मांस आत ओढलं गेलं आणि फीत नि कडी शेजारणी झाल्या. "काढायची ती फितीची जागा," डॉक्टर म्हणाल्या. "कडीची काढली तर निरोगी तुकडा हातात येईल आणि नको ते आत राहील. तेवढं सांभाळायचंय मला." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. हिनं मात्र खुर्ची पडद्याजवळ ओढली.

कारण जुनी खूण म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार! जन्म त्यातच गेला होता. नाटक कंपनीत लोक तिला फौजदार म्हणायचे, तोंडावरसुद्धा. रंगमंचावर खुणा लावायचं काम तिचं. प्रत्येक गावचा रंगमंच वेगळा, कुठं लांबट, कुठं बुटका, कुठं मधे फळी निखळलेली. पण नाटक तेच, कोच तिथंच हवा, टेबलाचा कोपरा तिथंच, आणि काळोख करून सामान हलवायचं तर हलवणाऱ्यांना दिसणार काय? म्हणून ती दुपारपासून गुडघ्यांवर बसून रंगीत चिकटपट्टीचे तुकडे फळ्यांवर लावत फिरायची. कोचाला पिवळी, टेबलाला हिरवी, आणि नवऱ्याला पांढरी. नवरा कंपनीतला मोठा नट. घरी ती त्याला नटवर्य म्हणायची, आणि ते कौतुकानंच असायचं असं नाही. नटवर्यांना चष्म्याशिवाय हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नसे आणि भूमिकेला चष्मा चालत नसे. त्यामुळे दुसऱ्या अंकात जेव्हा सगळा काळोख होई आणि पुन्हा उजेड पडताना तो एकटा एका वर्तुळात उभा दिसे, लोक श्वास रोखून बघत, टाळी पडे, तेव्हा तो उभा असायचा तो तिच्या दोन बोटं रुंदीच्या पांढऱ्या पट्टीवर. पुढं कधीतरी एका दौऱ्यावर गंमत झाली. आदल्या दिवशी तिथं दुसऱ्याच कुणाचं नाटक होऊन गेलं होतं आणि त्यांची एक पांढरी पट्टी फळीवर तशीच राहिली होती. नटवर्य गेले आणि त्या पट्टीवर ठाण मांडून उभे राहिले. उजेड पडला तो रिकाम्या जागेवर. आणि या पठ्ठ्यानं, कशाचा पत्ता नसल्यामुळे, आपलं अख्खं भाषण काळोखात उभं राहून ठोकलं, तेही रडण्यासकट. लोकांना वाटलं, काहीतरी नवीन, खोल आहे. एका समीक्षकानं तर तसं छापलंसुद्धा. पण तिनं त्या दिवशी कानाला खडा लावला. नवीन खूण लावायच्या आधी जुन्या सगळ्या उपटायच्या, नखानं खरवडून, रॉकेलच्या बोळ्यानं पुसून. कंपनीत नवं कुणी आलं की पहिला धडा हाच. आणि आता बघा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. हिच्या स्वतःच्या आतच कुणाची तरी जुनी पट्टी इतकी वर्षं चिकटून बसली होती आणि हिला खबर नव्हती.

घरी आल्यावर नवऱ्यानं कांदा चिरायला घेतला. तो घाबरला की काहीतरी चिरत बसायचा. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "गाठ नाहीच, तर कापायचं काय?" तिच्याही मनात तेच घोळत होतं. गाठ नाही. हात लावला तर लागत नाही. नाटक संपलं, सामान गाडीत चढलं. मग रिकाम्या फळ्यांवर उरलेल्या पट्टीसाठी कोण करवत घेऊन येतं? किती सोपं होतं असं म्हणणं. दोघांनी मिळून म्हटलं असतं तर खरंही वाटलं असतं. पण तिला रिकामा रंगमंच आठवत होता. खेळ उठल्यावर, कोच नाही, टेबल नाही, दारं-खिडक्या बाहेर टेम्पोत, आणि खाली तिचे तुकडे, पिवळे, हिरवे. त्या वेळी ती एकटी उभी राहिली की तिला सबंध नाटक दिसायचं. इथं ती बसली होती, इथून तो उठला होता, इथं कप फुटला होता. फुटलेल्या कपाचा एखादा कपचा फळीच्या फटीत सापडायचा, आणि तो दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी अनवाणी पायात घुसायचा. त्यासाठी ती वाकून, हात फिरवून बघायची. सामान गेलं म्हणजे जागा साफ झाली, असं तिनं कधी मानलं नव्हतं. "कापायचं," ती म्हणाली. "आणि तू तो कांदा सोड, त्याचं पाणी झालं." त्यानं सुरी खाली ठेवली आणि मनगटानं डोळे पुसले. कांद्यामुळेच, असं दोघांनीही धरून चालायचं ठरलं.

त्याला आणखी एक काटा बोचत होता, तो जेवताना बाहेर आला. "ती जुनी. कधीची? मला का नाही सांगितलंस?" तिला खरंच सांगता येईना. तिनं डोकं खाजवलं, वर्षं मागं-पुढं करून पाहिली. कुठलंसं दुसरं हॉस्पिटल, जिन्याला हिरवा कठडा, काचेमागं बसलेली एक खेकसणारी बाई. सुईचं आठवेना, निकालाचं आठवेना. मोठा आजार माणूस तारीखवार सांगतो, पण न झालेला आजार लक्षात ठेवायचा तो कसा? फक्त हिरवा कठडा, आणि त्याला धरून कुणीतरी हळूहळू वर चढतंय, पुढं. पाठ ओळखीची होती. "आई होती बरोबर," ती एकदम म्हणाली. त्यापुढं काही येईना, आणि नवऱ्यानंही मग जास्त ताणलं नाही.

फितीचा दिवस मात्र लख्ख आठवत होता. त्या दिवशी ती भीतीनं लाकूड झाली होती. चष्मेवाली एका हातानं सोनोग्राफीचा दांडा धरून, दुसऱ्या हातानं सुई आत घालत, नजर पडद्यावर ठेवून स्वतःशीच पुटपुटत होती, "जरा खाली... हं... आता अशी ये बाई." सुईशी बोलत होती ती! हिनं ते ऐकलं आणि लाकडातून पुन्हा माणूस झाली. कारण तीही पट्टी लावताना फळ्यांशी असंच बोलायची. "आता एक टिचकी वाजेल," डॉक्टर म्हणाल्या, आणि वाजली. स्टेपल मारल्यासारखी छोटीशी. "झालं. सोडली." काय सोडलं, का सोडलं, हे त्यांनी सांगितलंही असेल, पण हिच्या कानात फक्त तो आवाज राहिला, कामात बुडालेल्या माणसाचा. असला आवाज हिला फार आवडायचा. मोठमोठे नट, दिग्दर्शक, त्यांची भाषणं, हार-तुरे हिनं जवळून पाहिले होते आणि फारसं काही वाटून घेतलं नव्हतं. पण पडदा ओढणारा एक म्हातारा होता, तो दोर सोडताना शेवटच्या वीतभर अंतरात हात असा काही सैल करायचा की पडदा जमिनीला टेकल्याचं कळायचं नाही. त्याचे हात बघायला ती विंगेत थांबायची. त्या रांगेत तिनं चष्मेवालीचे हात बसवून टाकले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आधी तार बसवायची होती. सुईतून एक केसासारखी तार फितीपर्यंत न्यायची, तिचं टोक तिथं अडकवायचं, आणि मग सर्जन त्या तारेच्या मागानं आत शिरणार. तिला यंत्रापाशी स्टुलावर बसवलं, छाती दोन तक्त्यांमधे दाबली. हनुवटी वर, एक हात दांड्यावर, हलायचं नाही. काचेपलीकडे नर्स, अलीकडे चष्मेवाली. सुई गेली. एक चित्र काढलं. पडदा हिला तिरका दिसत होता: सुईचं टोक, आणि त्याच्याजवळ दोन बारीक उभ्या रेघा. फीत कुठंय, कडी कुठंय? दोन्ही कडेवरून दिसत होत्या. ताट आणि तबक कडेवरून बघितलं तर रेघच दिसणार. चष्मेवाली पडद्याच्या इतकी जवळ गेली की नाक टेकेल. मग तिनं डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा डोक्यावर ठेवला. "हं," एवढंच म्हणाली.

भिंतीवरचा फोन वाजला. नर्सनं घेतला, ऐकलं, आणि हळू म्हणाली, "सर्जनसर विचारतायत, किती वेळ? ऑपरेशन थिएटर तयार आहे."

"म्हणावं, दुसऱ्या बाजूनं चित्र घेतल्याशिवाय तार सोडणार नाही."

नर्स पुन्हा फोनवर बोलली. "सर म्हणतायत, दोन्ही शेजारीच आहेत, एका तुकड्यात येतील. चालेल म्हणतायत."

"येतील असं त्यांना वाटतंय. मला वाटत नाही. त्यांना म्हणावं, चहा घ्या." आणि मग हिच्याकडे वळून, अगदी वेगळ्या आवाजात, "तुम्हाला त्रास होतोय, कळतंय मला. तार एकदा सोडली की मागं घेता येत नाही, सुई अजून घेता येते. म्हणून."

तिला हसू आलं, अशा अवघडलेल्या अवस्थेतही. तिसरी घंटा होऊन गेलेली असते, लोक टाळ्या वाजवून हैराण करत असतात, विंगेतून व्यवस्थापक दातओठ खात असतो, आणि ही गुडघ्यांवर बसून एक पट्टी पुन्हा मोजून बघत असते. किती शिव्या खाल्ल्या होत्या त्यापायी. तिला वाटायचं, असला किडा आपल्यालाच आहे. तक्ते सैल झाले, छाती दुसऱ्या अंगानं दाबली, सुई आतच, जीव कासावीस. दुसरं चित्र आलं. आता मात्र दोघी साफ दिसत होत्या. सुईचं टोक कडीच्या मधोमध होतं, आणि फीत बोटभर पलीकडे.

नर्सनं फोन छातीशी धरला होता. चष्मेवाली सरळ झाली, स्टूल ओढून हिच्यासमोर बसली, आणि म्हणाली, "मी चुकीच्या खुणेपाशी गेले. माझं चुकलं. सुई काढते आणि पुन्हा टोचते. पंधरा-वीस मिनिटं आणखी. चालेल तुम्हाला?"

माझं चुकलं! एवढ्या मोठ्या बाईनं, नर्ससमोर, सर्जन फोनवर असताना. सांगितलं नसतं तर हिला काय कळणार होतं? तिचे डोळे एकदम भरून आले, दुखण्यानं नव्हे. या बाईच्या हाती आपण सुखरूप आहोत, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा पटलं. आजवर सगळे "काही होणार नाही" म्हणाले होते तेव्हा पटलं नव्हतं. "करा," ती म्हणाली. "सावकाश करा. मी कुठं पळून जातेय."

पुन्हा तक्ते, पुन्हा हनुवटी वर. भिंतीवर रंग उडालेला एक ठिपका होता, त्याच्याकडे बघत राहायचं. "अशी ये बाई... आता चुकू नको," चष्मेवाली सुईला सांगत होती. आणि कोण जाणे कसं, त्या आवाजाला धरून हिरव्या कठड्याचा तो जिना हळूहळू पुढं सरकला. आई वर पोचली. आईच्या मांडीवर हिची पर्स, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, जणू आजार पर्समधेच आहे आणि निसटेल. काचेमागची बाई खेकसली तेव्हा आई शांतपणे म्हणाली होती, "बाई, तुमची आई असती तर?" आणि मग निकालाचा दिवस. काही नाही, साधी गाठ. दोघी खाली उतरल्या, आणि आयुष्यात बाहेर कधी पाणीसुद्धा न प्यायलेली आई रस्त्यावर थांबून म्हणाली, "चल, काहीतरी गार पिऊ." एका छोट्या दुकानात दोघी उंच स्टुलांवर बसल्या. आईचे पाय टेकत नव्हते. सोड्याची बाटली, त्यात नळी. आईच्या नाकातून सोडा आला आणि ती इतकी हसली की दुकानदार बघायला लागला. "काही झालं नाही म्हणून कुणी असं गार पितं का?" हिनं विचारलं होतं. "अगं, झालं असतं तर सुचलं असतं का?" आई म्हणाली. मग दोघींनी ठरवलं, नटवर्यांना सांगायचं नाही; काही झालंच नाही, उगाच बिचाऱ्याच्या तोंडचं वाक्य जायचं. आणि खरंच सांगितलं नाही, मग विसरलीही. पुढच्याच वर्षी आई गेली. त्या वर्षाचं हिच्याजवळ जे उरलं होतं ते सगळं खाट, औषधांचा वास, आईचा बारीक होत गेलेला आवाज. ते टेकत नसलेले पाय कुठंतरी हरवलेच होते. "सापडली," चष्मेवाली म्हणाली, "हलला नाहीत म्हणून सापडली." आणि तिनं तार सोडली.

ऑपरेशन झालं. काढलेल्या तुकड्याचं लगेच एक चित्र काढतात, खूण त्यात आली का बघायला. चष्मेवालीनं ते चित्र दुसऱ्या दिवशी खाटेपाशी आणून दाखवलं. लहानसा करडा तुकडा, आणि अगदी मधोमध ती फीत. एखादी गोष्ट इतकी मधोमध हिनं फार कमी वेळा पाहिली होती. "छान लागलीय हो," ती म्हणाली, आणि चष्मेवाली अशी लाजली की एक चष्मा खाली पडला. तुकड्याचा तपास अजून व्हायचा होता. मागे काही उरलंय की नाही ते आठवड्याभरात कळणार होतं. चष्मेवाली निघताना हिनं विचारलं, "आणि ती कडी?"

"ती आत आहे. राहील. काही करत नाही ती. तिथं काही नव्हतं, एवढंच सांगते."

"राहू दे," ती म्हणाली. जुनी खूण राहू दे म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी घरी जायला गाडीत बसल्यावर तिनं नवऱ्याला सोड्याची गोष्ट सांगितली, नाकापर्यंत. तो हसला आणि म्हणाला, "मला बोलवायला हवं होतं. मीही प्यालो असतो."

फोन आला तो तालमीत. सगळे नको म्हणत असताना ती गेली होती. हात वर जात नव्हता, वाकता येत नव्हतं, म्हणून खुर्चीवर बसून दुसऱ्यांकडून पट्ट्या लावून घेत होती आणि प्रत्येक पट्टीला नावं ठेवत होती. दुसऱ्या अंकातला काळोख करून बघायचा होता. तालमीत फोन बंद, हा तिचाच कायदा. आणि दिवेवाल्यानं सगळे दिवे घालवले, चिडीचूप झालं, आणि भर काळोखात वाजला तो फौजदारांचाच फोन. कुणीतरी खुसकन हसलं. तिनं तो कानाला लावला. "मी बोलतेय," चष्मेवाली म्हणाली, आणि पुढं एका दमात, "काही उरलेलं नाही. सगळं तपासलं. काहीही नाही." ती "बरं" म्हणाली. आभार मानायचे राहून गेले. फोन खाली आला, त्याचा उजेड विझला. रडू नव्हतं, हसू नव्हतं. छातीवरची शिवण धडधडत होती.

"कोण होतं?" काळोखातून नवऱ्याचा आवाज. हिच्यानं उत्तर देववेना. "अगं, कोण होतं?" मग पावलं. तो जागा सोडून निघाला होता. एक स्टूल आडवं झालं, टेबलाचा कोपरा लागल्याचा आवाज आला, "आई गं" आलं, पण पावलं थांबली नाहीत. चष्मा नाही, उजेड नाही, तिच्याकडे यायच्या वाटेवर पट्टीचा एक तुकडा लावलेला नाही. आणि तो सरळ येऊन तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला, हात चाचपडत तिच्या हातावर ठेवला.

"काही नाही उरलं," ती कशीबशी म्हणाली.

त्यानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं. त्याच वेळी वर खटका पडला आणि रंगमंचाच्या मधोमध, ठरलेल्या पांढऱ्या पट्टीवर, उजेडाचं वर्तुळ पडलं. त्यात कुणीच नव्हतं.

"फौजदार," वरून दिवेवाला ओरडला, "नटवर्य जागेवर नाहीत!"

"आहेत," ती म्हणाली. "तू दिवा इकडं आण."